वस्तीवरचे टपाल कोणी न्यायचे?

२०२५ मध्ये आपल्या टपाल खात्याचे 'रजिस्टर' स्वतंत्र उरले नाही; ते स्पीड पोस्टात विलीन करण्यात आले. वर्तमानपत्रांनी चार हळवे परिच्छेद छापले. कोणाला नोकरीची ऑर्डर आठवली, कोणाला बहिणीची राखी आठवली, कोणी लाल पेटीवर कविता केली, आणि आठवड्याभरात सारे विसरून गेले. आम्हांला हा हळवेपणा मुळीच मानवत नाही. आजारी माणसाच्या उशाशी बसून त्याच्या मृत्यूलेखाचा मसुदा करावा, तसला हा प्रकार आहे. लाल पेटी सुंदर होती की नव्हती, हा आमचा प्रश्न नाही. ज्या घरी टपाल नेऊन कोणालाही नफा होत नाही, त्या घरी ते कोणी न्यायचे आणि त्याचा खर्च कोणी सोसायचा, हा आमचा प्रश्न आहे. ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशाने एकदा दिले होते. ते उत्तर गेल्या काही वर्षांत गुपचूप पुसले गेले आणि आपण, शहरात राहणाऱ्या श्रद्धावंतांनी, ते पुसायला हातभार लावला.

वाचक म्हणतील, पुण्यात राहणाऱ्या आमच्या कुटुंबांना ह्याचे काय? येरवड्याला, वडगाव शेरीला, नाना पेठेत वा चिंचवडला राहणाऱ्यांच्या दारात दिवसातून तीन वेळा कोणी ना कोणी पार्सल घेऊन उभा असतो. खरे आहे. पण आमच्या धर्मग्रामातील किती कुटुंबांची मुळे नगर जिल्ह्यात आहेत, ह्याचा हिशेब करा. (ह्या जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणतात; आमच्या तोंडी अजून नगरच बसले आहे, वाचकांनी क्षमा करावी.) राहुरी, श्रीरामपूर, शेवगाव, पाथर्डी ह्या भागांतून पोटापाण्यासाठी निघालेली आपली माणसे पुण्यात स्थिरावली, म्हातारी मात्र वस्तीवरच राहिली. त्या म्हातारीच्या दारात दिवसातून तीन वेळा कोणी येत नाही. एकदा जो येतो, तो सायकलवर किंवा पायी येतो, आणि तो टपाल खात्याचा असतो.

आधी थोडा इतिहास सांगणे भाग आहे, कारण 'टपालात सरकारचे काय काम?' असे विचारणाऱ्यांना तो ठाऊक नसतो. खाजगी टपाल ही काही नवी सुधारणा नव्हे. पेशवाईत सरकारचे जासूद होते, सांडणीस्वार होते, आणि सावकारांचे स्वतःचे कासीदही होते. पानिपतच्या संहाराची बातमी नानासाहेब पेशव्यांना १७६१ मध्ये ज्या कागदातून कळली, तो कागद सरकारी नव्हता. मोत्यांच्या आणि मोहरांच्या सांकेतिक भाषेतले ते एक सावकारी पत्र होते. सावकाराची व्यवस्था सरकारच्या व्यवस्थेहून चपळ निघाली, हे मान्य करू. पण पानिपतावर जे हजारो बारगीर आणि शिलेदार पडले, त्यांच्या गावोगावच्या घरी कोणत्या कासिदाने जायचे होते? ज्याच्या घरी पत्र नेल्याने कोणाचाच व्यवहार साधत नव्हता, त्याला पत्रच नव्हते. खाजगी टपालाची ही मूळ प्रकृती आहे. त्यात दुष्टपणा नाही. केवळ हिशेब आहे.

इंग्रजांचे टपालही प्रथम असेच होते. कंपनी सरकारने १८३७ च्या कायद्याने पत्रे नेण्याचा हक्क आपल्या एकटीकडे घेतला, तो काही रयतेच्या कळवळ्याने नव्हे. राज्य राखायचे तर पत्रे आपल्या हाती हवीत, एवढाच त्यामागचा विचार. त्या वेळी दर अंतरावर बांधलेला असे. कलकत्त्याहून मुंबईला तोळाभर वजनाचे पत्र पाठवायला एक रुपया पडे. त्या काळचा रुपया! अशा दराने पत्र कोण लिहिणार? साहेब, सावकार आणि फार तर एखादा वकील.

पुढे १८५४ मध्ये जे घडले, त्याचे मोल आपण अजून ओळखलेले नाही. इंग्लंडमध्ये रोलंड हिल ह्यांनी दाखवून दिले होते की पत्राचा खरा खर्च ते गोळा करण्यात आणि वाटण्यात असतो, अंतरात फारसा नसतो. तेथे १८४० पासून एका पेनीत पत्र देशभर जाऊ लागले. १८५४ मध्ये तोच न्याय हिंदुस्थानला लावण्यात आला. अर्ध्या आण्याचे तिकीट लावले की हलके पत्र शेजारच्या पेठेत जावो की पेशावरला, दर तोच. १८७९ मध्ये एका पैशाचे पोस्टकार्ड आले. १८८० मध्ये मनीऑर्डर आली आणि गिरणीत राबणाऱ्या मुलाचे पैसे कोकणातल्या आईच्या हातावर पडू लागले.

एक दर म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. लक्ष्मी रस्त्यावरच्या सिटी पोस्टातून कॅम्पात जाणारे पत्र खात्याला स्वस्तात पडते, घाटापलीकडच्या वाडीवर जाणारे महाग पडते, आणि तिकीट मात्र दोघांना सारखेच. म्हणजे शहरातला पत्रलेखक नकळत वाडीवरच्या पत्राचा काही खर्च उचलत असतो. ही भीक नव्हे, आणि सरकारी अनुदानही नव्हे. एका देशात राहणाऱ्या माणसांनी केलेला तो एक अबोल करार आहे. हा करार टिकायचा, तर शहरातले स्वस्त पत्र टपाल खात्याकडेच राहिले पाहिजे. १८९८ च्या टपाल कायद्याच्या चौथ्या कलमात सरकारला पत्रे नेण्याचा अनन्य अधिकार होता, त्याचा अर्थ साम्राज्य गेल्यानंतर हाच उरला होता. मक्तेदारी हा शब्द कानाला कडू लागतो खरा, पण ह्या मक्तेदारीच्या बळावरच स्वातंत्र्याच्या वेळी असलेली २३,३४४ टपाल कार्यालये पुढे सुमारे १ लाख ६४ हजारांवर गेली, आणि त्यांतील जवळजवळ नव्वद टक्के ग्रामीण भागात आहेत. कोणत्या बँकेने, कोणत्या विमा कंपनीने, किंवा खरे सांगायचे तर कोणत्या धर्मप्रांताने एवढ्या गावांत आपले दार उघडले आहे?

ह्या कराराला पहिले भोक कायद्याने पडले नाही, लबाडीने पडले. १९८० नंतर शहराशहरांत कुरिअरवाले उभे राहिले. पत्र नेण्याचा अधिकार सरकारचा, म्हणून त्यांनी पत्राला 'पत्र' म्हणायचे टाळले. ते 'दस्तऐवज' नेऊ लागले. पाकीट तेच, आतला मजकूर तोच, नाव बदलले की कायदा मोडला जात नाही! सरकारला हे दिसत होते. १ ऑगस्ट १९८६ रोजी स्पीड पोस्ट सुरू करून खात्याने स्पर्धेला तोंड दिले, आणि पुष्कळ चांगले दिले. पण कलम चार मात्र कपाटात पडून राहिले. १९९१ नंतर तर असे कलम आठवणे हेच मागासलेपणाचे लक्षण ठरले. मुंबई, पुणे, नाशिक ह्या शहरांतले जाडजूड, किफायतशीर टपाल, म्हणजे बँकांचे, कंपन्यांचे, विमावाल्यांचे टपाल, कुरिअरने उचलले आणि वाडीवस्तीचे टपाल खात्याच्या गळ्यात राहिले. मग हेच लोक विचारू लागले की टपाल खाते तोट्यात का? साय काढून घ्यायची आणि उरलेल्या दुधाला पातळ म्हणून नावे ठेवायची, हा कोणता न्याय?

जे व्यवहारात झाले होते, त्यावर संसदेने शिक्का मारला. नवे टपाल कार्यालय विधेयक राज्यसभेने ४ डिसेंबर २०२३ रोजी आणि लोकसभेने १८ डिसेंबर २०२३ रोजी संमत केले. १८ जून २०२४ पासून तो कायदा लागू झाला आणि १८९८ चा कायदा इतिहासजमा झाला. नव्या कायद्यात तिकिटे काढण्याचा अनन्य अधिकार सरकारने राखला आहे. पत्रे नेण्याचा राखलेला नाही. लिफाफे उघडून पाहण्याच्या अधिकारावर सभागृहात आणि बाहेर बरीच चर्चा झाली, ती व्हायलाही हवी होती. पण जी मक्तेदारी गेली तिच्या मोबदल्यात जे काम होत होते, त्याचा खर्च ह्यापुढे कोणी द्यायचा, हे त्या कायद्यात लिहिलेले नाही. आणि त्यावर कोणाचा घसाही बसला नाही.

आता आमची एक गोष्ट सांगतो. ती सांगायला आम्हांला लाज वाटते, पण ह्या लेखाला तिच्यावाचून आधार नाही.

दीक्षाविधीनंतर काही वर्षे आम्ही नगर जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात सेवा केली. धर्मग्रामाच्या हद्दीत पंधरा-वीस वस्त्या. मधल्या गावात शाखा डाकघर होते. डाकघर म्हणजे शाखा डाकपालाच्या घराची ओसरी, एक लाकडी पेटी, एक तराजू आणि शिक्का. डाकेची थैली तालुक्याहून एस.टी.ने येई. एस.टी. चुकली तर थैली उद्या. वाटप करणारे एक वयस्क गृहस्थ होते, सारे त्यांना मामा म्हणत. मामा कोणाच्या घरी पत्र आहे एवढेच पाहत नसत. पत्र वाचणार कोण आहे, हेही त्यांना ठाऊक असे. ज्या घरी वाचणारे कोणी नाही तेथे ते उभ्या उभ्या पत्र वाचून दाखवीत, मजकूर दुःखाचा असेल तर आधी आमच्याकडे येत आणि म्हणत, "फादर, हा कागद तुमीच घेऊन चला." मृत्यूची वार्ता म्हातारीला एकटीला गाठू नये, एवढे शहाणपण त्यांना कोणत्याही खात्याने शिकवलेले नव्हते.

पुढे आमची बदली पुण्यास झाली आणि मुलींच्या एका वसतिगृहाच्या प्रवेशाचे काम आमच्याकडे आले. खेड्यांतल्या हुशार मुलींना शहरात राहून परिचारिकेचे वा तत्सम शिक्षण घेता यावे, म्हणून ते वसतिगृह. २००९ च्या उन्हाळ्यात आमच्या जुन्या धर्मग्रामातील एका वस्तीवरच्या मुलीचा अर्ज आला. आईवडील ऊसतोडीला जाणारे, मुलगी आजीपाशी वाढलेली. गुण उत्तम. आम्ही तिचे नाव यादीत घेतले आणि मुलाखतीचे पत्र धाडायला सांगितले. कार्यालयाने ते इतर पत्रांबरोबर कुरिअरने धाडले. का? कारण कुरिअरचा मुलगा संध्याकाळी स्वतः येऊन गठ्ठा घेऊन जाई. टपाल कार्यालयात जाऊन रांगेत उभे राहावे लागे. दोन किलोमीटर चालण्याचा आमचा कंटाळा, दुसरे काही नाही.

ते पत्र तालुक्याच्या गावापर्यंत गेले. वस्ती त्या कंपनीच्या सेवाक्षेत्राबाहेर होती. पाकिटावर दिलेला दूरध्वनी मुलीच्या चुलत्याचा होता आणि तो बंद पडलेला. पाकीट तेथेच काही दिवस पडून राहिले आणि मग आमच्याकडे परत आले. मुलाखतीची तारीख तोपर्यंत टळून गेली होती, जागा भरली होती. आम्ही त्यानंतर पावसाळ्यात त्या वस्तीवर गेलो तेव्हा आजी दारात बसली होती. तिने तक्रार केली नाही. "फादर, कागद आलाच न्हाई की. आमी रोज मामाला इचारीत हुतो," एवढेच म्हणाली. मामा रोज त्या दारावरून जात होते! ते पत्र टपालात टाकले असते, तर चार-पाच रुपयांच्या तिकिटावर ते त्याच मामांच्या पिशवीतून त्याच दारात उतरले असते. त्या वर्षीच मुलीचे लग्न लावून देण्यात आले.

ह्यात कुरिअर कंपनीला आम्ही दोष देत नाही. तिने कोणत्याही वस्तीला वचन दिले नव्हते. तिचे सेवाक्षेत्र तिने नफ्याकडे पाहून आखले होते आणि व्यापाऱ्याने तसेच आखावे. दोष आमचा होता, आणि ज्या व्यवस्थेने वचन दिले होते तिला सोडून, जिने दिले नव्हते तिच्या हाती एका गरीब मुलीचे भवितव्य आम्ही दिले, हा तो दोष होता. कुरिअरची ही क्षेत्रे ज्या पिनकोडवरून आखली जातात, तो पिनकोडही टपाल खात्याचाच. श्रीराम भिकाजी वेलणकर ह्या संस्कृतज्ञ मराठी अधिकाऱ्याने तो रचला आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून तो सुरू झाला. एकाच नावाच्या दहा गावांत पत्र चुकू नये, प्रत्येक गाव सापडावे, म्हणून काढलेले ते आकडे. आज त्याच आकड्यांच्या आधारे कोणते गाव वगळायचे ते ठरते.

आमच्या ह्या म्हणण्यावर आक्षेप येणार, ते आम्हांला ठाऊक आहेत.

पहिला आक्षेप असा की आता पत्रे लिहितो कोण? भ्रमणध्वनी आहे, व्हॉट्सअॅप आहे. पत्रे कमी झाली हे उघड आहे. परंतु ग्रामीण टपाल कार्यालय म्हणजे केवळ पत्रे नव्हेत. बचत खाते, आवर्ती ठेव, मुलीच्या नावाची सुकन्या समृद्धी, १९९५ पासूनचा ग्रामीण टपाल जीवन विमा, निराधारांचे अनुदान, आणि १ सप्टेंबर २०१८ पासून टपाल खात्याची पेमेंट्स बँक. बोटाचा ठसा घेऊन दारात पैसे देणारा माणूस आज तोच आहे जो काल पत्र देत होता. २०२० च्या टाळेबंदीत शहरातली बाजारपेठ कडीकुलपात असताना ह्याच माणसांनी खेड्यापाड्यांत औषधे आणि पैसे पोहोचविले. शिवाय जी थोडी पत्रे उरली आहेत ती कोणती? न्यायालयाचे समन्स, बँकेची जप्तीची नोटीस, नोकरीचे बोलावणे, एटीएमचे कार्ड. प्रेमपत्र नाही आले तर माणूस रडेल. नोटीस नाही आली तर त्याची जमीन जाईल. पत्रे कमी झाली तसे एकेका पत्राचे वजन वाढले आहे.

दुसरा आक्षेप खात्याच्या कारभाराचा. टपाल खात्यात उद्धटपणा आहे, दिरंगाई आहे, खिडकीवर 'लिंक नाही' ही पाटी आहे. हे सारे आम्हीही सोसले आहे. स्पर्धेने खात्याला जाग आली, मागोवा घेण्याची सोय आली, हेही खरे; त्याचे श्रेय कुरिअरला द्यायला आमची ना नाही. ह्या धंद्याने आपल्या कितीतरी तरुणांना रोजगारही दिला, मग तो कितीही अपुऱ्या पगाराचा असो. पण शहरातला कारभार सुधारावा म्हणून खेड्यातला आधार का काढून घ्यायचा?

तिसरा आक्षेप तोट्याचा. खात्याचा तोटा हजारो कोटींचा आहे, करदात्याने तो का भरावा? हा प्रश्न गंभीर आहे, त्याला थट्टेने उत्तर देता येणार नाही. परंतु उत्तर आपल्याच देशात, आपल्याच संचार मंत्रालयात पडलेले आहे. दूरसंचार क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुले झाले, तेव्हा खेड्यात तारा आणि मनोरे कोण नेणार, हा प्रश्न आला होता. २००२ पासून कंपन्यांच्या महसुलातून काही हिस्सा घेऊन सार्वत्रिक सेवा निधी उभारण्यात आला. आज तो डिजिटल भारत निधी म्हणून ओळखला जातो. तत्त्व सरळ आहे: ज्याला शहराची साय हवी, त्याने खेड्याच्या दुधाला हातभार लावावा. टपालातही २००६ च्या सुमारास असाच मसुदा निघाला होता. हलकी पत्रे खात्याकडे राखावी आणि मोठ्या कुरिअर कंपन्यांनी निधीत भर घालावी, असे त्यात होते. कंपन्यांनी आरडाओरडा केला आणि मसुदा गुंडाळला गेला. दूरध्वनीला जो न्याय लागू, तो टपालाला का नाही? २०२३ मध्ये मक्तेदारी काढताना असा निधी ठेवण्याची संधी पुन्हा आली होती. ती दवडली गेली, आणि विरोधी बाकांवरूनही हा मुद्दा ठासून मांडला गेल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

परदेशात काय झाले, हे सांगितल्याखेरीज आमचे काही सुशिक्षित वाचक ऐकणार नाहीत. स्वीडनने १९९३ मध्ये टपालाची मक्तेदारी काढली. न्यूझीलंडने १९८७ मध्ये टपाल खात्याची कंपनी केली आणि ५ फेब्रुवारी १९८८ ह्या एकाच दिवशी तेथील ४३२ टपाल कार्यालये बंद झाली. मक्तेदारी पुढे १९९८ मध्ये गेली. ब्रिटनमध्ये २००६ पासून मुक्त स्पर्धा आली. तेथील गंमत पाहण्यासारखी आहे: खाजगी कंपन्या मोठ्या ग्राहकांची पत्रे गोळा करून, लावून, शेवटी रॉयल मेलच्याच हाती देतात, दारोदार फिरायचे ते जुन्याच पोस्टमनने! आपल्याकडेही मोठमोठ्या ऑनलाइन दुकानांची दुर्गम भागातील पार्सले टपाल खातेच पोहोचविते. आणि डेन्मार्क? तेथे राजा चौथा ख्रिश्चन ह्याने १६२४ मध्ये सुरू केलेले टपाल चारशे वर्षे चालले. १ जानेवारी २०२४ च्या कायद्याने सर्वांना पत्र पोहोचविण्याचे सरकारी टपालावरचे बंधन काढण्यात आले आणि ३० डिसेंबर २०२५ रोजी त्या टपाल कंपनीने शेवटचे पत्र वाटले. रस्त्यांवरच्या सुमारे १,५०० लाल पेट्या उपटण्यात आल्या. आता पत्र पाठवायचे तर खाजगी कंपनीकडे जावे. डेन्मार्क हा छोटा, श्रीमंत, घरोघरी संगणक असलेला देश. त्याला हे झेपेल कदाचित. पाथर्डीला झेपणार नाही.

आणि आमची खरी भीती कुरिअरची नाहीच. स्पर्धेच्या धाकाने टपाल खातेच कुरिअर होऊन बसेल, ही आमची भीती आहे. रजिस्टरचे पाहा. त्याचा दर अंतरावर नव्हता, वजनावर होता. २० ग्रॅमपर्यंतचे पाकीट सुमारे २६ रुपयांत काश्मीरलाही जाई. १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या स्पीड पोस्टाच्या दरपत्रकात ५० ग्रॅमपर्यंत स्थानिक पत्राला १९ रुपये आणि गावाबाहेर ४७ रुपये आहेत. पाकीट त्याहून जड झाले की जितके दूर तितका दर चढा. ज्याच्या नावाचे त्याच्याच हाती द्यावे अशी नोंदणी हवी तर आणखी ५ रुपये, कर निराळा. विद्यार्थ्यांना सवलत ठेवली आहे, ते चांगलेच केले. सेवा जलद झाली, तेही कबूल. पण १८५४ मध्ये पाकिटावरून जे अंतर पुसले गेले होते, ते पुन्हा पाकिटावर येऊन बसले आहे. शहरात राहणाऱ्याने शहरात पाठवावे तर स्वस्त. वस्तीवरच्याने तालुक्याबाहेर, न्यायालयात वा सरकारात दाद मागावी तर महाग. हे सारे कोणत्या सभेत ठरले, कोणाला विचारून ठरले?

ज्यांच्या खांद्यावर हे टपाल उभे आहे, त्यांच्याविषयी दोन शब्द लिहिले नाहीत तर आमचे लिहिणे ढोंगी ठरेल. ग्रामीण डाकसेवक देशात सुमारे अडीच लाख आहेत. पूर्वी त्यांना 'खात्याबाहेरचे' म्हणत. काम खात्याचे, माणूस खात्याबाहेरचा! १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्या सेवकांचे पद हे सरकारी पदच आहे असा निर्वाळा दिला, तरीही नियमित कर्मचाऱ्याचे वेतन आणि निवृत्तिवेतन त्यांच्या वाट्याला आले नाही. कागदोपत्री चार-पाच तासांचे काम, प्रत्यक्षात ऊन डोक्यावर येईपर्यंतची पायपीट. खेड्याचे टपाल स्वस्तात चालले ते शहराच्या तिकिटावर जितके, तितकेच ह्या माणसांच्या अर्ध्या पगारावर. आमच्या मामांनी निवृत्तीच्या दिवशी आमच्याकडे मिस्सा मागितली होती. ते आमच्या धर्माचे नव्हते, पण आम्ही ती अर्पण केली.

पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९९१ च्या 'सेंतेसिमुस अन्नुस' ह्या विश्वपत्रात बाजारव्यवस्थेचे गुण मोकळेपणाने मान्य केले आहेत. त्याच पत्रात, ज्या मानवी गरजा बाजारात भागत नाहीत आणि ज्या गोष्टी विकत घेता-देता येऊ नयेत, त्यांचे रक्षण राज्याने आणि समाजाने करावे, असेही बजावले आहे. सेमिनरीत हे आम्ही पाठ केले होते. कुरिअरच्या मुलाच्या हाती गठ्ठा देताना ते आम्हांला आठवले नाही, हेही नमूद केले पाहिजे. प्रारंभीच्या ख्रिस्तसभेला टपाल नव्हते. रोमन साम्राज्याची उत्तम डाकव्यवस्था होती, पण ती शासनाच्या कामाला. तंबू शिवणाऱ्या पौलाची पत्रे तिने कशाला न्यावी? रोमकरांस लिहिलेले पत्र किंख्रियाच्या फीबी नावाच्या भगिनीने नेले, असे परंपरा मानते. पत्र नेणे ही सेवा आहे, हे आपल्याला नव्याने सांगायला नको होते. आपल्या मराठी कॅथलिक समाजाचे पहिल्या पिढीतले मासिक नगर जिल्ह्यात १९०३ मध्ये निघाले, तेव्हा फादर हेन्री डोरिंग ह्यांनी त्याला नावही 'निरोप्या' असे दिले. आणि तो निरोप्या वस्तीवस्तीवर गेला तो सरकारी टपालानेच.

आमचे मागणे मोठे नाही. पत्रे नेण्याचा धंदा सर्वांना खुला करायचा तर खुशाल करा. पण शहरात कमावणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडून दूरसंचाराप्रमाणे निधी घ्या आणि तो ग्रामीण शाखा डाकघरांवरच खर्च करा. नोंदणीच्या पत्राचा एक दर देशभर पुन्हा लागू करा. कोणत्याही वस्तीचे शाखा डाकघर बंद करण्यापूर्वी ग्रामसभेला विचारणे बंधनकारक करा. आणि डाकसेवकाला पूर्ण कामाचा पूर्ण पगार द्या.

ह्या मागण्यांचे निवेदन आम्ही तयार केले आहे. ते धर्मग्राम कार्यालयात ठेवले असून, येत्या दोन रविवारी मिस्सानंतर सह्या घेतल्या जातील. ज्यांची म्हातारी माणसे गावाकडे आहेत, त्यांनी त्यांच्या शाखा डाकघराचे नाव आणि पिनकोड सहीपुढे लिहावा, म्हणजे दिल्लीतल्यांना कळेल की आम्ही कोणत्या दारांविषयी बोलत आहोत. आमच्या वसतिगृहाची पत्रे आता कार्यालयातील माणूस टपालातच नेऊन टाकतो. रांगेत त्याचा अर्धा तास जातो आणि तो कुरकुरतो. निवेदन आम्ही रजिस्टरने धाडणार होतो. ते आता मिळत नसल्याने स्पीड पोस्टाने धाडू. पाकीट जाड होईल, आणि दिल्ली दूर आहे, तेव्हा खर्चासाठी दानपेटीशेजारी एक वेगळा डबा ठेवला आहे.